जोर पहिल्या अक्षरावर

आम्हाला इटालियन शिकवायला पुण्याहून आलेल्या त्या मुलीनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि म्हणाली, "आता नीट ऐका. अक्षरं तीच, तोडायचीही तशीच. फरक फक्त जोराचा." टेपमधली बाई म्हणाली, पेर्-दो-नो. क्षणभर थांबली आणि पुन्हा म्हणाली, पेर्-दो-नो. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. बाकीच्या पाच जणांनाही तसंच ऐकू आलं असावं, कारण सगळ्यांनी माना डोलावल्या. न कळता मान डोलावणं ही आम्हा गाईड लोकांची पहिली विद्या आहे. मुलीनं ते ओळखलं आणि फळ्याकडे वळली. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढी, पण हातात खडू घेतला की कुणाचीही मास्तरीण. "दुसऱ्या अक्षरावर जोर दिला, 'दो'वर, तर अर्थ होतो, मी क्षमा करतो. पहिल्यावर दिला, 'पेर्'वर, तर ते गमावतात. आणि हे दुसरं क्रियापद गळण्यालाही वापरतात. नळ गळतो, पाइप गळतो, त्यालाही हेच. 'ई तूबी पेर्दोनो.' नळ्या गळताहेत. इथं चुकून 'दो'वर जोर दिलात तर 'नळ्या, मी क्षमा करतो' असं काहीतरी वेड्यासारखं होईल." सगळे हसले. मीही हसलो. तिनं टेप मागे नेली, पुन्हा लावली आणि या वेळी मला फरक ऐकू आला. पण तो आवाज टेपमधल्या बाईचा नव्हता. तो तोनेल्ली साहेबांचा होता, बावीस वर्षांपूर्वीचा, सिल्लोडच्या चहाच्या टपरीसमोरचा, आणि जोर पहिल्या अक्षरावर होता.

हसण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. कानात दडा बसला. मुलगी पुढं काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, फळ्यावर खडूची रेघ उमटत होती, आणि हे सगळं काचेपलीकडे चाललेलं. मी वहीत पाहिलं. वहीत मी नेहमीप्रमाणे देवनागरीत लिहून ठेवलं होतं, पेर्दोनो, आणि समोर अर्थ, क्षमा करतो. शाई ताजी होती. मी त्या शब्दाकडे पाहत राहिलो आणि तो काही केल्या दोन होईना. कागदावर एकच होता. "काका, काही होतंय का तुम्हाला?" मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, जरा बाहेर जाऊन येतो." चप्पल घालताना डावी-उजवीत घोटाळा झाला. स्टेशनरोडवर उन्हात येऊन उभा राहिलो तेव्हा कळलं की पिशवी आणि वही आतच राहिली आहे. आत जायचं धाडस होईना. पर्यटन खात्यानं आम्हा जुन्या गाईडांसाठी आठ दिवसांचा उजळणीवर्ग ठेवला होता आणि मी घरी बायकोला, द्वारकाबाईला म्हणालो होतो, ही पोर मला काय शिकवणार, मी तिच्या जन्माआधीपासून इटालियन बोलतोय.

मी चालू लागलो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं, पण क्रांती चौकात पाय घराकडे वळले नाहीत, सरळ पैठण गेटकडे निघाले. पायांना ठाऊक होतं. रहीम रोशन गेटपाशी राहतो.

एकोणसत्तर सालचा नोव्हेंबर. तोनेल्ली साहेब इटलीहून अजिंठा बघायला एकटेच आले होते. कुठल्याशा कारखान्यात यंत्रांवर काम करणारे, जाड बोटांचे, पांढरी पँट घातलेले. टॅक्सी रहीमची, म्हणजे मालक दुसरा, रहीम पगारी ड्रायव्हर. आदल्या रात्री तो जळगावचं भाडं करून आला होता आणि पहाटे पाचला पुन्हा आमच्यासाठी हजर. सिल्लोडला चहाला थांबलो. रहीम साहेबांच्या हातात ग्लास द्यायला गेला आणि चहा पांढऱ्या पँटवर सांडला. त्याचा चेहरा मी आजही पाहू शकतो. परदेशी पाहुण्यानं तक्रार केली तर नोकरी गेली, एवढं साधं गणित होतं. तो फडकं आणायला पळाला. साहेब गाडीकडे गेले, खाली वाकले, मला वाटलं बूट पुसताहेत. त्यांनी जमिनीला बोट लावलं, नाकाशी नेलं, माझ्याकडे ते बोट धरलं. बोट ओलं होतं, चमकत होतं. मला वाटलं, चहा. आणि ते म्हणाले, ई फ्रेनी पेर्दोनो. पुन्हा म्हणाले, सावकाश, मुलाला सांगावं तसं, ई फ्रेनी पेर्दोनो. फ्रेनी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आपण नाही का म्हणत, 'अरे बाबा', 'जाऊ दे रे', तसं काहीतरी असेल असं समजून मी तो शब्द बाजूला काढला, तांदळातून खडा काढावा तसा. पेर्दोनो मला येत होता. तो माझ्या वहीत होता. मला किती आनंद झाला त्या वेळी! एका माणसानं दुसऱ्या माणसाला मोठ्या मनानं माफ केलं होतं आणि ते पोचवणारा मी होतो. रहीम फडकं घेऊन आला, भीत भीत म्हणाला, "क्या बोले साहब? गाडीका कुछ बोले क्या?" मी म्हणालो, "गाडीचं काय घेऊन बसलास येड्या. माफ किया बोले." रहीमनं कपाळाला हात लावून साहेबांना आदाब केला. साहेबांनी मान हलवली. त्यांना वाटलं असणार, निरोप पोचला, ड्रायव्हर म्हणतोय की बघतो. मग अजिंठा गाव ओलांडताना त्यांनी मागून माझ्या खांद्यावर टकटक केली आणि विचारलं, कापीतो? समजलं ना? आणि मी वळून, हसून, पाठ केलेलं उत्तर दिलं. सी, सी. कापीतो.

हे आठवलं आणि गुलमंडीच्या गर्दीत मी रस्त्यातच थांबलो. मागून एक स्कूटरवाला ओरडला, "चाचा, मरनेका है क्या?" मी बाजूला झालो, एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकलो. समजलं, असं मी म्हणालो होतो. त्यानंतर दहा मिनिटांत घाट लागला. दुसऱ्या वळणावर रहीमनं "या अल्ला" म्हटलं, गाडी थांबली नाही, कठडा आला, कठडा फुटला. मला मुका मार लागला. रहीमचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला. तोनेल्ली साहेब जागीच गेले. इतकी वर्षं मी हे सांगताना 'अपघात' म्हणत होतो. अपघात! त्या माणसानं दोनदा सांगितलं होतं की ब्रेक गळताहेत, तिसऱ्यांदा विचारलं होतं की समजलं का, आणि मी त्याला हसत हसत दरीत घेऊन गेलो होतो.

मी इटालियन शिकलो ते कसं, हे एकदा नीट सांगितलं पाहिजे. निदान स्वतःला. मी पिशोरचा. शाळा सुरू झाली तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि मी अलिफ-बे गिरवत होतो. जब्बार मास्तर शिकवायचे. उर्दूत 'इस' आणि 'उस' एकसारखंच लिहितात. वरखाली खूण दिली तर कळतं, पण खूण कुणी देत नाही. मी मास्तरांना विचारलं, मग ओळखायचं कसं? ते म्हणाले, "बेटा, निशान मत ढूंढ, अक्कल लगा. आगेपीछे देख." पोलीस अॅक्शन झाली आणि वर्षभरात त्याच शाळेत, त्याच मास्तरांच्या हाताखाली बाराखडी सुरू झाली. मास्तर स्वतः आमच्याबरोबर ग म भ न शिकत होते. त्यातून माझी एक समजूत झाली की भाषा म्हणजे काय, पाटी पुसायची आणि दुसरी अक्षरं काढायची. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पुढं शहरात आलो, गाईड व्हायचं ठरवलं. इंग्रजीवाले उदंड झाले होते. जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात एक इटालियन शिकवणारं पुस्तक सापडलं. पहिली बावीस पानं नव्हती. त्या पानांत काय असावं हे आता कळतं. प्रत्येक भाषेच्या पुस्तकात पहिल्या पानांत काय असतं? उच्चार असतो. शब्द कसा फोडायचा, जोर कुठं द्यायचा. मला ती पानं नसल्याचं कधी दुःख झालं नाही. तेविसाव्या पानापासून मी सगळं पुस्तक देवनागरीत उतरवून पाठ केलं. मराठीत 'बसतो' कुठंही जोर देऊन म्हणा, बसणारा बसतोच. त्याचं काही गळत नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबालाही इटालियन येत नव्हतं. त्यानं माझ्याकडून एक उतारा म्हणून घेतला, सही केली, आणि मी औरंगाबादचा पहिला इटालियन गाईड झालो. गल्लीत मला आजही 'इटालियन' म्हणतात. पोस्टमन म्हणतो, दूधवाला म्हणतो.

आणि फ्रेनो म्हणजे ब्रेक हे मला पुढं कळलं होतं. दोनच वर्षांनी. वेरूळच्या उतारावर बसमधल्या एका बाईनं ड्रायव्हरकडे बोट दाखवून तो शब्द वापरला, मी अर्थ विचारला, वहीत टिपला. तरी माझ्या डोक्यात काही हललं नाही. का नाही हललं? तोपर्यंत आठवणीतून तो शब्द गेलाच होता. आठवणीत साहेब फक्त एवढंच म्हणत होते, मी क्षमा करतो, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा मी किती दयाळू केला होता! खरा चेहरा आज दिसला. तो कपाळाला आठ्या घातलेल्या कारागिराचा चेहरा होता.

कोर्टात मला विचारलं होतं, प्रवासात गाडीच्या स्थितीबद्दल काही बोलणं झालं होतं का? मी गीतेवर हात ठेवून सांगितलं, नाही. गाडीबद्दल कुणी काही बोललं नाही. तपासणी करणाऱ्या माणसाचं म्हणणं होतं की ब्रेकची नळी आपटल्यामुळे फुटली. रहीम पिंजऱ्यातून कुबडीवर रेलून सांगत होता, "साहब, मैं पाँव मारा. पैडल नीचेच गया. मैं सोया नहीं था साहब." सरकारी वकील म्हणाले, आदल्या रात्रीचं जागरण आहे, डुलकी लागली. अठरा महिन्यांची कैद झाली. लायसन गेलं. मी मनातल्या मनात वकिलाच्या बाजूचा होतो. वर मोठेपणा असा की रहीम सुटून आल्यावर मी त्याला भेटायला गेलो आणि म्हणालो, "रहीमभाई, मनाला लावून घेऊ नको. साहेबांनी तुला माफ केलं होतं. त्यांचं शेवटचं बोलणं तेच होतं." तो ढसाढसा रडला. त्यानंतर दर ईदला मी त्याच्याकडे जाऊन शीरखुर्मा खात आलो आणि दर वेळी मला स्वतःच्या चांगुलपणाचं कौतुक वाटत आलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ बरं. पण त्या घाटात बस आली की मी बावीस वर्षं माईक हातात घेऊन ही गोष्ट सांगितली. इथं तुमच्या देशाचा एक माणूस गेला, आणि जाण्याआधी आमच्या गरीब ड्रायव्हरला तो काय म्हणाला माहीत आहे? पेर्दोनो. बायका डोळे पुसायच्या. एकदा एका म्हाताऱ्यानं पुढच्या बाकावरून मला विचारलं होतं, पेर्दोनो की पेर्दोनो? मला वाटलं बिचारा गहिवरून पुन्हा पुन्हा म्हणतोय. मी म्हणालो, होय, होय, तेच. म्हातारा माझ्याकडे फार वेळ पाहत राहिला. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

शहागंजच्या घड्याळापाशी मी ठरवलं की परत फिरायचं. काय गरज आहे? ही गोष्ट जगात एका माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस मी आहे. मुलगी पुण्याला निघून जाईल. तोनेल्लींना आता काय फरक पडतो. रहीमचंही सगळं रांगेला लागलंय, दारातच स्टो दुरुस्त करतो, खाऊनपिऊन सुखी आहे. झाकली मूठ. पण मग मागच्या ईदचं त्याचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, "बद्रीभाई, पयले मी म्हणायचो सोया नव्हतो. समदे म्हणले सोया होता. आता मला बी वाटतंय, लागला असंल डोळा. नाय तर गाडी थांबली नसती का?" मी शीरखुर्म्यातले काजू वेचत म्हणालो होतो, "जाऊ दे, साहेबांनी माफ केलं ना." म्हणजे मी त्या माणसाकडून त्याचा स्वतःचा पायसुद्धा काढून घेतला होता. त्या पायानं ब्रेक दाबला होता हे त्याचं त्यालाच आता खरं वाटत नव्हतं.

रहीम दारात पोत्यावर बसला होता, मोडका पाय लांब करून, मांडीवर पितळी टाकी. मला पाहून चकित झाला. "अरे बद्रीभाई! ईद नाय, काय नाय, आज कसं काय? जैतुन, चाय रख." मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, चहा आला असता तर मी दुसरंच काहीतरी बोललो असतो. उभ्या उभ्याच म्हणालो, "रहीमभाई, तू झोपला नव्हतास."

"कवा?"

"घाटात. तू झोपला नव्हतास. ब्रेक गळत होते. साहेबांनी सिल्लोडला बघितलं होतं, गाडीखाली तेल होतं. ते मला तेच सांगत होते. मी चुकीचं ऐकलं. मी तुला सांगितलं माफ केलं म्हणून, ते तसं बोललेच नव्हते. तो शब्द वेगळा होता. म्हणजे शब्द तोच, पण..." इथं माझी जीभ अडखळली. पेर्‌वरचा आणि दोवरचा जोर स्टो दुरुस्त करणाऱ्या माणसाला कसा समजावणार? "ते म्हणाले, ब्रेक गळतायत. दोनदा म्हणाले."

रहीमनं टाकी मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली. मग मी पाहिलं, त्याचा उजवा पाय, चांगला पाय, पोत्यावरून खाली आला आणि फरशीवर टेकला. टाच टेकलेली, पंजा दाबलेला. दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्याला ते कळत होतं की नाही कोण जाणे. डोळे माझ्याकडे होते, पण मला पाहत नव्हते. "मारा था," तो हळूच म्हणाला. "पाँव मारा था मैं." मग एकदम मोठ्यानं, गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जैतुन! ओ जैतुन! मैं सोया नहीं था!"

जैतुनबी हातात पातेलं धरायचं फडकं घेऊन दारात आली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं पुन्हा सांगावं लागलं. रहीम मध्ये मध्ये हसत होता, गालावरून पाणी वाहत होतं, "ऐकलं का, तेल व्हतं गाडीखाली, मी इचारलं बी व्हतं, गाडीका बोले क्या म्हणून. इचारलं व्हतं ना बद्रीभाई मी?" मी म्हणालो, "व्हय. विचारलं होतंस." तो माझा हात धरून दाबू लागला, जणू मी त्याला काही आणून दिलं होतं. त्याला माझा राग आला नव्हता. अजून आला नव्हता. तिथवर तो पोचलाच नव्हता; तो त्या वळणावर होता, ब्रेकवर पाय ठेवून. मला वाटलं, त्यानं माझ्या कानाखाली वाजवावी. मी वाट पाहत उभा राहिलो.

राग जैतुनबीला आला होता. पण तिनं आवाज चढवला नाही. "भाईजान," ती म्हणाली, "कोरट में आप क्या बोले थे?"

"बोललो होतो की गाडीबद्दल काही बोलणं झालं नाही."

"अठरा महीने," ती म्हणाली. "मैं बीडी बनाई अठरा महीने. जहांआराका रिश्ता दो बार टूटा. लोगाँ बोलते, सोनेवाले की बेटी. आप ईद को आके शीरखुर्मा खाते थे." तिनं फडक्याला हात पुसले, आत गेली आणि नातवाच्या शाळेच्या वहीतलं एक पान आणि पेन घेऊन आली. "लिखके दो. मराठी में लिखो. मोहल्ले में सबको पढ़ने आना होना."

"जैतुन, जाने दे," रहीम म्हणाला. "कोरट का सब खतम हुआ."

"कोरट को नहीं दिखाती मैं," ती म्हणाली. "लिखो भाईजान."

मी पायरीवर बसलो. गुडघ्यावर पाट घेतला. सात तारखेला मिलानचा गट यायचा होता, त्याचा विचार मनात आला, आणि तो आला याची लाज वाटली. मी लिहिलं की मी, बद्रीनाथ, राहणार बेगमपुरा, एकोणसत्तर साली अजिंठ्याच्या घाटात झालेल्या अपघाताच्या वेळी गाडीत होतो. गाडीचे ब्रेक गळत होते. हे प्रवाशानं मला दोन वेळा स्पष्ट सांगितलं होतं. ड्रायव्हर रहीम जागा होता आणि त्यानं ब्रेक दाबला होता. खाली सही केली आणि कागद तिच्याकडे दिला. तिनं तो रहीमला दिला. रहीमला मराठी सावकाश वाचता येतं. बोट ठेवत ठेवत, एकेक अक्षर फोडत त्यानं मोठ्यानं वाचलं. ब्रेक दाबला होता, इथं येऊन ते पुन्हा वाचलं. जैतुनबी उभी राहून ऐकत होती. वाचून झालं तशी ती म्हणाली, "आधाच लिखे."

"अजून काय लिहू?"

"साहब बोले, ये लिखे. फिर आप इनको क्यों नहीं बोले, वो किधर है? पढ़नेवाला पूछेगा ना. क्या लिखना, आपको मालूम."

मला मालूम होतं. रहीम कागद परत माझ्या हातात देताना दुसरीकडे पाहू लागला. त्याला माझी कीव आली असावी, किंवा आता कुठं राग आला असावा. गल्लीतली दोन-तीन माणसं दाराशी जमली होती. त्यांतला एक मला ओळखणारा होता, तो दुसऱ्याला हळूच सांगत होता, "वो इटालियन है ना, वोईच." सहीच्या वर थोडी जागा उरली होती. तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं, मला इटालियन येत नव्हतं.